वाचकांचे प्रश्न : फ्रान्सच्या कालव्यांतून बोटीने

गेल्या अंकात फ्रान्समधील कालव्यांवरच्या बोटप्रवासाचा दोन ओळींचा उल्लेख आला होता. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे त्याच विषयाची असल्यामुळे या वेळी सर्व जागा त्यालाच दिली आहे. माझी सारी नोकरी मुंबईच्या गोदीत, जहाजे आत-बाहेर घेण्याच्या कामात गेली. निवृत्तीनंतर पत्नी, मेहुणे आणि त्यांची पत्नी यांच्यासह मी दोन वेळा, एकदा बुर्गोन्य प्रांतातील निव्हर्ने कालव्यावर आणि एकदा दक्षिणेतील कनाल द्यु मिदीवर, आठवडाभर भाड्याची बोट स्वतः चालवली आहे. पुढील उत्तरे त्या अनुभवाच्या आणि गोदीतल्या कामाच्या आधाराने लिहीत आहे.

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी साठी ओलांडलेले आहोत. बहीण आणि तिच्या यजमानांसह फ्रान्समध्ये कालव्यातून बोटीने जाण्याचा विचार आहे. वाटेत लॉक लागतात, त्यांत बोट वर-खाली होते, असे ऐकले. हे नेमके काय असते? मला गेटवेहून मांडव्याला जातानाही मळमळते आणि गुडघेही दुखतात. आम्हाला हे झेपेल का?
(निवृत्त शिक्षिका, गिरगाव)

मळमळीची काळजी प्रथम मनातून काढून टाकावी. कालव्याच्या पाण्याला लाट नसते, बोट माणसाच्या भरभर चालण्याइतक्या किंवा फार तर सायकलच्या संथ वेगाने जाते, आणि काठ दोन्ही बाजूंना जवळच असतो. मांडव्याच्या वाटेवर जे हेलकावे बसतात तसे येथे काही नाही.

आता लॉकविषयी. आपण भूगोल शिकवला असेल तर पनामा कालव्याच्या धड्यातील ‘जलपाश’ हा शब्द आठवेल. लॉक म्हणजे तेच. नदी उतारावरून वाहते, पण कालव्याचे पाणी सपाट ठेवावे लागते. त्यामुळे जमीन जिथे चढते तिथे कालवा जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी बांधतात आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही टोकांना दरवाजे असलेला एक दगडी हौद असतो. वर जायचे असेल तेव्हा बोट खालच्या दरवाजातून हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, वरच्या दरवाजातील झडपा उघडतात आणि वरच्या कालव्याचे पाणी हौदात भरू लागते. पाण्याबरोबर बोट वर येते. दोन्हीकडची पातळी एक झाली की वरचा दरवाजा उघडून बोट पुढे निघते. उतरताना हाच क्रम उलटा. पंप नाही, मोटार नाही, पाणी केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते. दरवाजाच्या दोन फळ्या मिटल्यावर त्यांचा कोन वरच्या पाण्याकडे रोखलेला राहतो, म्हणून पाणी जितके जोराने दाबते तितक्या त्या घट्ट मिटतात. पातळी सारखी होईपर्यंत कोणी कितीही जोर लावला तरी त्या उघडत नाहीत. मुंबईकरांना हे यंत्र परके नाही. १९१४ साली बांधलेल्या आपल्या इंदिरा गोदीला असाच लॉक आहे, आणि समुद्राला ओहोटी असली तरी आतल्या जहाजांखालचे पाणी त्यामुळेच उतरत नाही. फरक इतकाच, की तिकडे हजारो टनांची जहाजे घेणारे पथक हाताशी असते आणि येथे पथक म्हणजे आपण चौघे.

म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथेच सांगतो: लॉकमध्ये दोर बांधायचा नसतो, धरायचा असतो. काठावरच्या लोखंडी खुंटाभोवती दोराचा एक वेढा घालून मोकळे टोक पुन्हा बोटीवर आणावे आणि हातात ठेवावे. चढताना पाणी समोरून धडधडत येते आणि बोटीला मागे रेटते. अशा वेळी पुढचा दोर ताठ ठेवून, बोट जसजशी वर येईल तसतसा ओढून घ्यावा लागतो. उतरताना पाणी शांत असते आणि त्या शांततेतच धोका आहे, कारण पाण्याबरोबर बोट खाली जात असताना दोर सतत सोडत राहावा लागतो. गोदीतले खलाशी ओढण्यासाठी ‘हबेस’ आणि सोडण्यासाठी ‘आरिया’ म्हणतात. आमच्या बोटीवर तेच दोन शब्द चालले आणि त्यामुळे चौघांत गैरसमज झाला नाही.

एकदा मात्र झाला. निव्हर्नेवर तिसऱ्या दिवशी उतरताना मेहुण्यांनी फोटो काढण्यासाठी दोराला बोटीवरच्या खुंटीवर एक जादा अढी घातली. पाणी हातभर उतरले तोच अढी आवळली, दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला गेला, बोट त्या अंगाने काठाला टांगल्यासारखी झाली आणि खाली स्वयंपाकघरातल्या बशा घसरत जाऊन सिंकच्या कडेला आदळल्याचा आवाज आला. ताणलेला दोर हाताने सुटत नाही. वर उभ्या असलेल्या लॉककीपरने, म्हणजे लॉक चालवणाऱ्या माणसाने, आमच्या ओरडण्याची वाट न पाहता धावत जाऊन हँडल उलटे फिरवले, झडपा बंद केल्या आणि वरून थोडे पाणी आत घेतले. बोट वर उचलली गेली तेव्हा अढी सैल झाली. सगळा प्रकार दोन मिनिटांचा असेल. त्या दिवसापासून लॉकमध्ये असताना कोणीही फोन हातात घ्यायचा नाही हा नियम आम्ही केला, आणि आपणही तो पहिल्या लॉकपासूनच करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उतरतानाची दुसरी काळजी मागच्या बाजूची. वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरठा असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही, पाणी उतरले की उघडा पडतो. बोटीचा मागचा भाग त्याच्यावर राहिला तर बोट पुढे कलंडते. भिंतीवर या उंबरठ्याची हद्द बहुधा रंगवून दाखवलेली असते. बोट तिच्या पुढे राहील असे पाहावे.

गुडघ्यांबद्दल: हौदाच्या भिंतीतल्या शिड्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात. त्या आपण चढूच नयेत. लॉकच्या अलीकडे छोटा धक्का असतो. तिथे चौघांपैकी धडधाकट व्यक्तीने उतरून पायी पुढे जावे आणि वरून दोर घ्यावेत. बोट आणि काठ यांच्यामध्ये उडी कोणीही मारू नये, आणि भिंतीपासून बोट दूर ठेवण्यासाठी हात किंवा पाय मध्ये घालू नये. त्यासाठी बाजूला रबरी फेंडर लटकवलेले असतात. आणि सुकाणू आपण घ्यावे. ते बसून करण्याचे काम आहे आणि वर्गावर तीस-चाळीस मुले सांभाळलेल्या व्यक्तीकडे त्यासाठी लागणारे अवधान असतेच. माझ्या पत्नीने दोन्ही प्रवासांत सुकाणू सांभाळले. लॉकमध्ये शिरताना बोट इतकी हळू करावी की आता थांबली असे वाटावे, एवढेच तिने पहिल्या दिवशी शिकून घेतले.

प्रश्न : बोट चालवण्यासाठी परवाना लागतो का? वेगमर्यादा किती?
(बँक कर्मचारी, मुलुंड)

फ्रान्समध्ये कालव्यावरच्या भाड्याच्या बोटींना परवाना लागत नाही. कंपनी निघण्यापूर्वी तासाभराचे प्रात्यक्षिक देते आणि त्या मुदतीपुरते कार्ड देते. प्रात्यक्षिकात घाई करू देऊ नये. एक लॉक त्यांच्या माणसासह पार करण्याची विनंती अवश्य करावी. वेगमर्यादा कालव्यानुसार ताशी ६ ते ८ किलोमीटर असते. तिचे कारण असे, की वेगाने जाणाऱ्या बोटीमागची लाट मातीचे काठ खाते आणि कडेला बांधलेल्या बोटींचे दोर उपटते.

प्रश्न : दोन मुलांसह (वय १३ आणि ९) मे महिन्याच्या सुट्टीत सहा दिवसांत तुलूझपासून समुद्रापर्यंत संपूर्ण कनाल द्यु मिदी करायचा बेत आहे. अंतर २४० किलोमीटरच आहे. योजना बरोबर आहे ना?
(बोरिवलीतील एक कुटुंब)

नाही, आणि आरक्षण झाले नसेल तर ती आजच बदलावी. आपण अंतर रस्त्याच्या सवयीने मोजले आहे. ताशी ८ किलोमीटरने २४० किलोमीटरला ३० तास लागतात, पण बांधलेल्या बोटींजवळून जाताना आणि अरुंद पुलांखाली वेग निम्मा होतो. शिवाय या मार्गावर साठाहून अधिक लॉक आहेत आणि रांग नसली तरी एका लॉकला पंधरा-वीस मिनिटे जातात. लॉक रात्री बंद असतात आणि बऱ्याच ठिकाणी दुपारी जेवणासाठीही तासभर थांबतात. हिशेब केला तर रोज साडेआठ-नऊ तास इंजिन चालू ठेवावे लागेल, आणि मुले दुसऱ्याच दिवशी कंटाळतील. मी एक लॉक म्हणजे २ किलोमीटर असे धरतो आणि दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक प्रवास ठरवत नाही.

त्याऐवजी कार्कासोन ते बेझिए हा सुमारे १०० किलोमीटरचा टप्पा घ्यावा. सुरुवातीला कार्कासोनचा तटबंदीचा जुना किल्ला पाहता येतो. पुढे दोन-दोन, तीन-तीन हौद एकामागे एक असलेले लॉक लागतात, तिथे मुलांना दोराचे काम शिकवावे (अंगात लाइफ जॅकेट असेल तरच). मग आर्जांस येथील लॉकनंतर सुमारे ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. डोंगरउताराला बिलगून, एकाच उंचीवर राहण्यासाठी वळणे घेत, कालवा द्राक्षांच्या मळ्यांतून जातो. ल सोमाय आणि कापस्ताँ ही मुक्कामाला उत्तम गावे याच पट्ट्यात आहेत. कापस्ताँचा दगडी पूल इतका बुटका आहे की छतावर ठेवलेल्या सायकली आणि बसलेली माणसे आधीच खाली घ्यावी लागतात.

त्यापुढे मालपासचा बोगदा लागतो. दोनशे मीटरपेक्षाही कमी लांबीचा, पण १६७९ च्या सुमारास खोदलेला. नावा जाण्यासाठी कालव्याकरिता खोदलेला युरोपातला हा पहिला बोगदा. खडक ठिसूळ निघाल्यामुळे काम थांबवण्याचा हुकूम झाला होता, तरी तो पुरा झाला. आणि शेवटी बेझिएच्या वेशीवर फाँसरानचा जिना: एकाला एक लागून आठ हौद आणि नऊ दरवाजे, म्हणजे एका हौदाचा वरचा दरवाजा तोच पुढच्याचा खालचा. १८५८ मध्ये ओर्ब नदीवरून जलसेतू झाल्यापासून बोटींना सगळे हौद पार करावे लागत नाहीत, पण वरच्या टोकाला उभे राहून खाली पाहिले की पाण्याच्या पायऱ्या आणि पलीकडे बेझिएचे कॅथेड्रल एका नजरेत येते. मुलांना हे दृश्य पुस्तकातल्या आकृतीपेक्षा अधिक शिकवील. चढण्याच्या आणि उतरण्याच्या वेळा तिथे ठरलेल्या असतात, त्या आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात.

एक महत्त्वाची सूचना: १ मे रोजी आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी, तशी तिकडे कामगार दिनाची असते आणि लॉक बंद राहतात. त्या दिवशी बोट ताब्यात घेऊ नये. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. मुक्कामाच्या कागदपत्रांत बोटीचा करार आणि आधीच्या-नंतरच्या रात्रींचे हॉटेल, दोन्ही जोडावे.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. लॉकमधून दर वेळी पाणी खाली जाते, तर सर्वांत उंच भागातला कालवा कोरडा कसा पडत नाही?
(विद्यार्थी, दादर)

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण साडेतीनशे वर्षांपूर्वी याच प्रश्नापाशी मोठमोठ्यांचे बेत अडले होते. उत्तर फ्रान्समधील एका साधारण लॉकच्या मापांवरून समजून घेऊ. १८७९ च्या प्रमाणित मापानुसार हौद सुमारे ३९ मीटर लांब आणि ५.२ मीटर रुंद असतो. पातळीतला फरक २.६ मीटर धरला तर एका वेळी ५२७ घनमीटर, म्हणजे सव्वापाच लाख लिटर पाणी खाली जाते. आपल्या सोसायट्यांत येणारे दहा हजार लिटरचे पन्नासहून अधिक टँकर. एक बोट डोंगरमाथा ओलांडते तेव्हा चढताना एकदा आणि पलीकडे उतरताना एकदा, असे दोनदा हे पाणी माथ्यावरून जाते. अटलांटिक आणि भूमध्य समुद्र जोडणारा कालवा काढावा ही कल्पना जुनी होती, पण माथ्यावर हे पाणी आणायचे कोठून हे कोणाला सांगता येत नव्हते.

ते सांगितले कनाल द्यु मिदी बांधणाऱ्या, बेझिएच्या प्येर-पोल रिके यांनी. ते मिठावरचा कर गोळा करणारे मक्तेदार होते, अभियंते नव्हते. तुलूझच्या आग्नेयेला नोरूझ ही सुमारे १९० मीटर उंचीची खिंड आहे. तिच्या एका बाजूचे पाणी अटलांटिककडे आणि दुसऱ्या बाजूचे भूमध्य समुद्राकडे जाते. खिंडीत पाणी नव्हते, पण जवळच्या ‘काळ्या डोंगरा’त ओढे पुष्कळ होते आणि डोंगर खिंडीपेक्षा उंच होता. रिके यांनी ते ओढे डोंगराच्या कडेने खोदलेल्या चरांत वळवले, सँ-फेरेओल येथे १६६७ पासून मोठे धरण बांधले आणि साठवलेले पाणी केवळ उतारावर नोरूझपर्यंत आणले. तानसाचे पाणी १८९२ पासून उतारावरच मुंबईला येत आहे, त्यामुळे हा विचार आपल्याला ओळखीचा वाटेल, पण रिके यांच्या आधी युरोपात कालव्यासाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे कोणी केले नव्हते. १६६६ मध्ये चौदाव्या लुईची आज्ञा निघाली, मंत्री कोल्बेर यांनी पाठिंबा दिला, तरी खर्चाचा मोठा वाटा रिके यांनी स्वतःच्या पैशातून आणि कर्जातून उचलला. कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसे होती, त्यांत स्त्रियाही बऱ्याच होत्या. त्यांना महिन्याच्या महिन्याला मजुरी मिळे, आणि पावसाने काम बंद राहिले किंवा मजूर आजारी पडला तरी ती कापली जात नसे. त्या काळात हे फार वेगळे होते. मला या माणसाविषयी जो आदर वाटतो तो धरणाइतकाच या मजुरीच्या हिशेबासाठी आहे. ऑक्टोबर १६८० मध्ये रिके यांचे निधन झाले आणि पुढच्या मे महिन्यात कालवा सुरू झाला.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट पाहावी. मिदीवरचे हौद चौकोनी नसून मधे फुगलेले, अंडाकृती आहेत. सुरुवातीच्या एका हौदाच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने कोसळल्यावर रिके यांनी हा आकार घेतला. कमान आडवी टाकली तर ती मागच्या मातीचा भार जशी पेलते तशी ही भिंत पेलते. बोटवाल्यांना मात्र त्यात दोर अधिक जपून धरावे लागतात, कारण बोट सरळ आणि भिंत वाकडी, त्यामुळे ती भिंतीला पूर्ण लागत नाही.

उन्हाळा कोरडा गेला तर आजही पाणी पुरवून वापरावे लागते. दोन-तीन बोटी जमेपर्यंत लॉक भरत नाहीत, आणि फारच टंचाई झाली तर कालव्याचा काही भाग बंद ठेवतात.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. खाण्याचे काय?
(गृहिणी, विलेपार्ले)

बोटीवर गॅसची शेगडी, फ्रिज आणि भांडी असतात, म्हणून हॉटेलमधल्या प्रवासापेक्षा ही अडचण येथे कमी आहे. डाळ, तांदूळ, मसाले आणि छोटा कुकर बरोबर न्यावा. तूप, चक्का, पेढे असे दुधाचे पदार्थ मात्र युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत; ते विमानतळावर काढून घेतले जातात. लोणी तिथे उत्तम मिळते, पहिल्याच संध्याकाळी ते कढवून घ्यावे. सकाळी गावातल्या बेकरीतून पाव आणणे हे काम ज्याला सायकल येते त्याच्याकडे द्यावे. काही लॉकच्या घरांत अंडी, मध आणि बागेतली भाजी विकायला ठेवलेली असते. निव्हर्नेवर आम्हाला एका लॉककीपरकडे कोवळा मुळा मिळाला आणि त्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी झाली. त्या हौदाचे दरवाजे हाताने चालत असल्यामुळे एका बाजूचा दरवाजा तो लोटत होता आणि दुसऱ्या बाजूचा आम्ही. अशी मदत करणे सक्तीचे नाही, पण लॉककीपर बहुधा एकटा असतो, कधी दोन-तीन लॉक त्याच्याच अंगावर असतात, आणि ‘बोंझूर’ म्हणून काठावर उतरणाऱ्या माणसाशी त्याचे बोलणे लगेच बदलते.

प्रश्न : जुन्या छायाचित्रांत मिदी कालव्यावर दोन्ही बाजूंनी झाडांची कमान दिसते. नुकत्याच जाऊन आलेल्या मैत्रिणीच्या फोटोंत मोठे पट्टे उघडे दिसले. असे का?
(चित्रकार, माटुंगा)

आपले निरीक्षण दुर्दैवाने बरोबर आहे. काठावर प्लेन वृक्षांची (काश्मिरी चिनारच्या जातभाईंची) सुमारे ४२,००० झाडे होती, त्यांतली बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेली. २००६ मध्ये तिथे एका बुरशीजन्य रोगाची लागण आढळली. ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेहून आलेल्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून युरोपात शिरली असे मानतात. ती सालीच्या जखमेतून आत जाते, मुळांतून आणि कालव्याच्या पाण्यातून पसरते, आणि लागण झालेले झाड काही वर्षांत वाळते. उपाय नसल्यामुळे रोगट झाडे आणि त्यांच्या शेजारची झाडे तोडून जाळावी लागली. ही संख्या हजारोंत आहे. त्यांच्या जागी वेगवेगळ्या जातींची झाडे लावत आहेत, म्हणजे एका रोगाने पुन्हा सगळी रांग जाणार नाही. बोटीचा दोर झाडाला किंवा मुळाला बांधण्याची मनाई याच कारणासाठी काटेकोरपणे पाळावी. मुक्कामासाठी बोटीवर लोखंडी मेखा आणि हातोडा दिलेला असतो.

आपण चित्रे काढण्यासाठी जाणार असाल तर ल सोमायच्या आसपास जुन्या झाडांची सावली कोठे उरली आहे ते बोट घेताना विचारावे. उघड्या पट्ट्यांत दुपारी बोटीच्या छतावर बसवत नाही, तेव्हा तिथे सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी काम करावे. संध्याकाळी लॉक बंद झाल्यावर पाणी अगदी निश्चल होते आणि काठावरचे नवे रोप, त्याच्या आधाराच्या काठीसकट, पाण्यात उलटे उमटते.